हे पेशीचं, की माझं?

मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत दिवस उजाडतो तो वजनकाट्यापाशी. एक लिटर द्रावण करायचं असतं, मेंदूभोवती जे पाणी असतं त्याची माणसाने केलेली नक्कल. सोडियम क्लोराईड ७.३ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम, ग्लुकोज १.८ ग्रॅम, सोडियम फॉस्फेट ०.१५ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराईड जेमतेम ०.१९ ग्रॅम. मग ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईड अशा मिश्र वायूचे बुडबुडे त्यात पंधरा-वीस मिनिटं सोडायचे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यानंतरच घालायचं. हा क्रम चुकला की द्रावण दुधाळ होतं, कारण बायकार्बोनेटचं पाणी मुळात अल्कधर्मी असतं आणि कार्बन डायऑक्साईड विरघळून त्याचा सामू ७.४ च्या आसपास उतरेपर्यंत कॅल्शियमचा साका बसत राहतो.

साका डोळ्यांना दिसला तर बरंच. ओतून द्यायचं आणि नव्याने करायचं. पण तो थोडासाच बसला, भांड्याच्या तळाशी कुणाच्या लक्षातही आला नाही, तर? सिनॅप्समधून, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्यातून, रसायन सुटायला बाहेरचं कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की दिवसभर सगळे सिनॅप्स थकल्यासारखे वागतात. संध्याकाळी विद्यार्थी वहीत लिहितो, ‘या पेशींतलं संदेशवहन क्षीण आहे.’ क्षीण असतं ते द्रावण.

मेंदूविज्ञान शिकायला एखाद्या मोठ्या खाजगी संशोधन विद्यापीठात जायचं, असं जेव्हा कुणी ठरवतं, तेव्हा डोळ्यांपुढे स्मृती, जाणीव, स्वप्नं असे मोठे शब्द असतात. ते असावेतच, त्यांच्याशिवाय इतक्या लांबच्या वाटेला कोण लागेल? पण तिथे खरोखर जे शिकायला मिळतं ते एका छोट्या प्रश्नात मावतं. पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक रेषेकडे बघून विचारायचं, हे पेशीचं आहे, की माझं? हा प्रश्न कानात बसायला वर्षं लागतात, आणि माझ्या मते पदवीची खरी किंमत तीच आहे.

वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच नेर्न्स्टचं समीकरण येतं. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी; या फरकातून पेशीपटलावर किती व्होल्टेज तयार होईल ते हे समीकरण सांगतं. शरीराच्या तापमानाला, आत १४० मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) आणि बाहेर ५ असेल तर उत्तर येतं साधारण उणे ८९ मिलिव्होल्ट. बहुतेक मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. आता वजनकाट्याकडे परत येऊ. ०.१९ ग्रॅमच्या जागी चुकून ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड पडलं, म्हणजे चिमटीभर पूडही नव्हे, तर बाहेरचं पोटॅशियम अडीचचं पाच मिलिमोलर होतं. दुप्पट झालं की समीकरणातला आकडा सुमारे १८ मिलिव्होल्टनी सरकतो. पेशीचं विरामावस्थेतलं व्होल्टेज पोटॅशियमच्या मागे मागे जातं, म्हणजे ती उद्दीपनाच्या उंबरठ्याजवळ येऊन बसते आणि आपोआप तडतडू लागते. ज्याने समीकरण नुसतं पाठ केलंय त्याला वाटतं, काहीतरी नवीन सापडलं. ज्याला ते कळलंय तो उठतो आणि पोटॅशियमची बाटली, वही आणि काटा तपासतो. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पेपर आधी सक्तीने का द्यायला लावतात, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

या समीकरणांमागे माणसांचे हातही आहेत. हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुळाच्या अवाढव्य अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यावर, प्रयोग केले. हा तंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असू शकतो, म्हणून त्यात तार घालता आली. १९५२ साली त्यांनी चेतापेशीच्या संदेशाचं गणित मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सले यांनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. आज तीच आकडेमोड लॅपटॉपवर क्षणार्धात होते, आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः लिहायला लावतात. ते योग्यच आहे. सोडियमची वाहकता किती वेगाने उघडते आणि किती हळू मिटते हे आकडे स्वतः बदलून पाहिल्याशिवाय संदेशाचा तो टोकदार आकार डोक्यात उतरत नाही.

आता काप. बहुतेक प्रयोगांत तो ३०० मायक्रॉन जाड घेतात, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. याहून जाड असेल तर मधल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही आणि प्रकाशही नीट आरपार जात नाही. पातळ असेल तर दोन्ही बाजूंनी इतके तंतू तुटतात की जाळं म्हणण्यासारखं काही उरत नाही. उंदराचा मेंदू बाहेर काढून बर्फगार द्रावणात टाकेपर्यंत एखाद-दोन मिनिटांहून जास्त जाता कामा नये. ही घाई हाताला शिकवावी लागते. घाबरून केलेली घाई कवटीच्या कात्रीचं टोक मेंदूत घुसवते. मग मेंदू क्षणभर टिपकागदावर टेकवायचा आणि धातूच्या तबकडीवर झटपट सुकणाऱ्या गोंदाने चिकटवायचा. टिपायचं विसरलं तर ओला मेंदू चिकटत नाही आणि पातं लागताच डुलतो. गोंद जास्त झाला तर तो बाजूंनी वर चढतो, कडक होतो आणि पात्याच्या वाटेत येतो.

कापणाऱ्या यंत्राला व्हायब्रेटोम म्हणतात. पातं आडवं थरथरत, सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी वेगाने पुढे सरकतं. इथे सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पात्याची उभी थरथर. पातं पुढे-मागे हलताना वर-खालीही हललं तर पृष्ठभागावरच्या पेशी चिरडतात, आणि काप नुसत्या डोळ्यांना मात्र छान दिसतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत ही उभी थरथर मोजून एक मायक्रॉनच्या आत आणतात आणि पातं रोज नवं घेतात. जुन्या पात्यावर चार पैसे वाचवणारा अख्खा दिवस घालवतो.

काप झाले की ३२ ते ३४ अंशांच्या द्रावणात अर्धा तास आणि मग खोलीच्या तापमानाला निदान तेवढाच वेळ. या वेळात काहीही करायचं नसतं, आणि नव्या विद्यार्थ्याला नेमकं तेच जड जातं. पण कापलेल्या पेशींना सावरायला वेळ लागतो, तुटलेल्या कडा मिटतात, सांडलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन धुऊन जातं. लवकर सुरुवात केली तर जे मोजलं जातं ते बहुतांशी आघाताचं मोजमाप असतं. कापाच्या हाती फक्त सहा ते आठ तास असतात, तरीही ही वाट पाहायचीच.

सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही, नुसतं करडं धुकं. मग हळूहळू नजर बसते. पृष्ठभागावर ज्या पेशी अगदी ठळक, कडक कडांच्या दिसतात त्यांच्याकडेच हात जातो, आणि त्या मरत असतात. ज्या फुगून गोल झाल्यात, ज्यांचा केंद्रक अंड्यातल्या बलकासारखा उठून दिसतो, त्या मेल्याच आहेत. निरोगी पेशी तीस-पन्नास मायक्रॉन खाली असते, मऊ कडांची, आजूबाजूच्या धुक्यातून जेमतेम वेगळी. कोणती पेशी निवडायची हे सांगून शिकवता येत नाही. शेजारी बसून, बोट दाखवत, शंभरेक पेशी पाहाव्या लागतात.

पेशीतली वीज मोजायला तिथपर्यंत काचेची नळी न्यायची. टोक एक-दोन मायक्रॉनचं, आत पेशीतल्या द्रवासारखं द्रावण, आणि रोध ३ ते ६ मेगाओहम. नळी पाण्यात शिरण्याआधीच आतून हलका दाब द्यायचा, म्हणजे वाटेतला कचरा टोकाला चिकटत नाही. टोक पेशीला टेकलं की पटलावर एक खळी पडते. त्या क्षणी दाब सोडायचा, तोंडाने किंवा सिरिंजने अगदी हलकं ओढायचं. पडद्यावर ५ मिलिव्होल्टची चाचणी-लाट सतत चालू असते. ५ मेगाओहमच्या नळीतून ती १००० पिकोॲम्पिअर प्रवाह दाखवते. पटल काचेला चिकटू लागलं की हा प्रवाह घटत जातो, आणि रोध एक गिगाओहमच्या वर गेला की तो ५ पिकोॲम्पिअरपेक्षाही कमी होतो. चौकोनी लाट सपाट रेषा होते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली असा पटलातल्या एकेका वाहिनीतून, म्हणजे आयनांच्या सूक्ष्म दारातून, जाणारा प्रवाह पहिल्यांदा टिपला. हा गिगाओहमचा घट्ट जोड त्यानंतर काही वर्षांनी साधला, आणि १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं. सपाट होणारी ती रेषा पाहण्याचा आनंद कितव्याही वेळी कमी होत नाही, हे मात्र खरं.

जोड बसला नाही तर शंभर कारणं असतात, पण क्रमाने पाहायची ती थोडीच. नळी कालची आहे का? उघड्यावर राहिलेल्या टोकावर धूळ बसते. आतलं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलंय का? आतल्या-बाहेरच्या परासरणाचा हिशेब जुळतो का? बाहेर साधारण ३०० ते ३१० मिलिऑस्मोल असेल तर आत दहा-पंधरा कमी असावं लागतं. उलटं झालं की पेशी नळीच्या टोकावरच फुगायला लागते. दाब खरंच पोहोचतोय का, की नळीधारकाचं रबर सैल झालंय? हे सगळं ठीक असेल आणि तरी सलग सहा पेशी हुकल्या, तर काप वाईट आहे. तो टाकून दुसरा घ्यायचा. आणखी दोन तास त्याच कापाशी झटत राहणं म्हणजे चिकाटी नव्हे, ही गोष्ट समजायला पहिलं वर्ष संपतं.

जोड बसल्यावर क्षणभर जोराने ओढलं की पटल फुटतं आणि पेशीचं अंतरंग नळीशी जोडलं जातं. लगेच, पहिल्या काही सेकंदांत, विरामाचं व्होल्टेज टिपायचं. उणे ५० पेक्षा वर असेल तर पेशी सोडून द्यायची, ती कितीही कष्टाने मिळालेली असो. आणि मग सतत लक्ष ठेवायचं ते नळी आणि पेशी यांच्या मार्गातल्या रोधावर. हा २० मेगाओहम असेल आणि पेशीतून एक नॅनोॲम्पिअर प्रवाह जात असेल, तर २० मिलिव्होल्ट वाटेतच गळतात. यंत्र म्हणतं, पेशी उणे ७० वर धरली आहे. पेशी असते उणे ५० वर. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच ठाऊक असतं. म्हणून हा रोध दर काही मिनिटांनी मोजायचा आणि नोंदीच्या दरम्यान तो वीस टक्क्यांहून जास्त बदलला तर ती नोंद बाद, असा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवायचा. आधी लिहायचा, कारण नंतर लिहिला तर आवडती नोंद बाद करायला मन धजत नाही.

नोंदीच्या रेषेतली खरखर हे एक स्वतंत्रच शास्त्र आहे. रेषा दर २० मिलिसेकंदांनी डोलत असेल तर ती विजेच्या ५० हर्ट्झची, जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे जवळजवळ १७ मिलिसेकंदांनी. ती कुठून येते ते शोधायला एकेक उपकरण बंद करत जायचं: दिवा, पंप, तापमान-नियंत्रक, कॅमेरा. सगळ्या भू-तारा एकाच बिंदूला जोडलेल्या असाव्यात. दोन वाटांनी जमिनीला गेल्या की त्यांचं वेटोळं अँटेना बनतं. व्होल्टेज हळूहळू एका दिशेला वाहत असेल तर चांदीच्या तारेवरचा क्लोराईडचा थर झिजलाय. तार ब्लीचमध्ये करडी होईपर्यंत बुडवायची. यातलं काहीही पाठ्यपुस्तकात ठळक छापलेलं नसतं. ते प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसांकडे असतं.

म्हणूनच प्रयोगशाळा निवडणं ही विद्यापीठ निवडण्याहून मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या खाजगी संशोधन विद्यापीठांत पीएचडीच्या पहिल्या वर्षी सहसा दोन-तीन प्रयोगशाळांत प्रत्येकी दोन-अडीच महिने काम करतात. याला रोटेशन म्हणतात. एवढ्या वेळात निष्कर्ष निघत नाही, आणि कुणी काढायलाही जाऊ नये. पाहायचं ते वेगळं. गाईड स्वतः कच्च्या नोंदी बघतात, की फक्त शेवटचे आलेख? ‘काही सापडलं नाही’ असं आठवड्याच्या बैठकीत सांगणाऱ्याचं काय होतं? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? साधारण पाच-सहा लागतात. सातत्याने आठ लागत असतील तर विचारावं. आणि पैशांचा प्रश्न विचारायला लाजू नये. विद्यापीठ खाजगी असलं तरी संशोधनाचा मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या अनुदानावर चालतो, ते बहुधा चार-पाच वर्षांचं असतं, आणि पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्याचं विद्यावेतन अनेकदा त्यातूनच निघतं. अनुदान कधी संपतं हे विचारणं हा आगाऊपणा नाही. नव्या प्राध्यापकाकडे विद्यापीठाने दिलेला सुरुवातीचा निधी असतो आणि शिकवायला वेळही असतो; मोठ्या नावाच्या प्रयोगशाळेत उपकरणं असतात, पण हाताला धरून शिकवणारा बहुधा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला कनिष्ठ संशोधक, असतो. तो माणूस कसा आहे, तेही पाहावं.

पदवीच्या विद्यार्थ्याला जमेल का? जमतं, आठवड्याला निदान दहा तास आणि तेही सलग तुकड्यांत देता आले तर. दोन तासिकांच्या मधल्या तासाभरात काप होत नाही. अशा वेळी ऊतक-रंजनाचं, म्हणजे मेंदूच्या कापांतल्या पेशी रंगवण्याचं, काम घ्यावं. त्याचे थांबे लांब असतात: मेंदू ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाईड या ऊतक टिकवणाऱ्या रसायनात, मग ३० टक्के साखरेच्या पाण्यात तो तळाला जाईपर्यंत, मग ४० मायक्रॉनचे काप, हव्या त्या प्रथिनाला चिकटणारं पहिलं प्रतिपिंड रात्रभर ४ अंशांना, पहिल्याला चिकटून चमकणारं दुसरं प्रतिपिंड दुसऱ्या दिवशी दोन तास. आणि त्यात एक काप असा ठेवायचा, ज्याला पहिलं प्रतिपिंड दिलेलंच नाही. तोही चमकला तर बाकीच्यांची चमक कशावरून खरी? तोच जुना प्रश्न, नव्या वेषात.

या प्रश्नाची मला सर्वांत आवडती गोष्ट जॉन्स हॉपकिन्समधली आहे. १९५८ साली तिथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल मांजरीच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या (मेंदूतल्या पाहण्याच्या भागातल्या) एका पेशीला काचपट्टीवरचा काळा ठिपका दाखवत होते. पेशी ढिम्म. मग पट्टी सरकवताना पेशी अचानक कडाडून बोलू लागली. उपकरणातला दोष समजून पुढे जाणं सोपं होतं. ते थांबले, आणि तासन्‌तास तपासत राहिले. ठिपक्याचा संबंधच नव्हता; काचपट्टीच्या कडेची पुसट सावली विशिष्ट कोनात दृष्टिपटलावरून सरकत होती, आणि पेशीला हवी होती ती तशी तिरपी रेषा. म्हणजे ‘माझं की पेशीचं’ या प्रश्नाला तिथे ‘दोन्ही’ हे उत्तर मिळालं. १९८१ चं नोबेल त्यांनी कॅलटेकच्या रॉजर स्पेरींबरोबर वाटून घेतलं. शंका घेणं म्हणजे नुसतं बाद करत सुटणं नव्हे, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नाही.

संख्याशास्त्राचा वर्ग मुलं टाळतात, आणि सगळ्यांत जास्त घात तिथेच होतो. तीन उंदरांतून साठ पेशी नोंदवल्या, तर नमुन्याची संख्या किती? साठ म्हणावंसं वाटतं. पण एका उंदराच्या पेशी एकमेकींच्या बहिणी असतात. त्याच दिवसाचं द्रावण, तेच पातं, तेच रक्त. त्यांना स्वतंत्र साक्षीदार मानलं की नसलेला फरक सहज ‘सिद्ध’ होतो. उंदीर तीन आहेत हे धरून गणित करायचं, किंवा दोन्ही पातळ्या सामावणारं बहुस्तरीय प्रारूप वापरायचं. मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते रक्तप्रवाहावरून दाखवणाऱ्या एफएमआरआय प्रतिमांत हाच धोका आणखी वाढतो. प्रतिमेत एक लाख ठिपके असतील आणि प्रत्येकाला हजारात एक चुकीची मुभा दिली, तर मेंदूत काहीही घडत नसताना शंभर ठिपके उजळतील. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. अनेक तुलनांची दुरुस्ती केली नाही तेव्हा त्या माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या आकड्यांवर पुन्हा करून पाहावा.

आणि यात उंदीर आहे, हे विसरता येत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी मांडल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. प्राणी-नीती समितीचा अर्ज भरताना ही तीन कलमं कागदी वाटू शकतात. पण दुधाळ द्रावण, बोथट पातं, आधी न लिहिलेला नियम यांतल्या प्रत्येकाची किंमत एका जिवाने दिलेली असते. वजनकाट्यापाशी नीट उभं राहणं ही माझ्या लेखी नीतीचीच गोष्ट आहे.

संध्याकाळी शेवटची पेशी चांगली निघाली, आणि नळीत सकाळीच बायोसायटिन (पेशी नंतर ओळखू यावी म्हणून भरायचं खुणेचं द्रव्य) मिसळलेलं असेल, तर निदान पंधरा-वीस मिनिटं ते पेशीत पसरू द्यायचं. मग नळी झटक्याने ओढायची नाही. ओढली तर केंद्रक टोकाला चिकटून बाहेर येतो आणि पेशी रिकामी होते. एकेक मायक्रॉन मागे, थोडं तिरपं वर, पटल आपोआप मिटेपर्यंत. काप रात्रभर पॅराफॉर्मल्डिहाईडमध्ये ठेवायचा. द्रावण वाहून आणणाऱ्या नळ्यांमधून ऊर्ध्वपातित पाणी सोडायचं, नाहीतर सकाळपर्यंत मिठाचे स्फटिक झडपा खाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी रंगद्रव्य जोडलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन, म्हणजे बायोसायटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन, दिलं की काळ्या पार्श्वभूमीवर ती एकटी पेशी उभी राहते, मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक फांदीवरचे काटे मोजता येतील इतकी स्पष्ट. १८७३ मध्ये इटलीच्या गोल्जींनी शोधलेल्या रंगाने थोड्याच पेशी काळ्या होत, आणि म्हणूनच स्पेनच्या काहाल या मेंदूशास्त्रज्ञांना एकेक पेशी वेगळी दिसली. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज आहेत. काल दुपारी जिचं व्होल्टेज टिपलं होतं, ती ही. मग वही उघडायची, कालच्या नोंदीतला रोध, कालचं पोटॅशियम, कालचं पातं पुन्हा एकदा तपासायचं, आणि या पेशीच्या नावापुढे तिच्या नोंदीचा क्रमांक लिहायचा.